ॲक्वापोनिक्ससाठी नळाचं पाणी: आधी ड्रममध्ये, मग टाकीत

घरगुती ॲक्वापोनिक्सवाल्यांचे, म्हणजे माशांच्या टाकीच्या पाण्यावरच झाडं वाढवणाऱ्यांचे, जेवढे प्रश्न आलेत ते फिरून फिरून नळाच्या पाण्यावरच येतात. एकाने रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी टाकलं तरी सकाळी मासे वर येऊन हवा गिळत होते, दुसऱ्याला दुकानदाराने अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारायचं औषध, "डबल टाका, काही होत नाही" म्हणून सांगितलं, तिसऱ्याचा पीएच ८.२ येतोय आणि तो ॲसिडची बाटली घेऊन बसलाय, आणि बाकीच्यांना आरओचं पाणी चालतं का ते हवंय. सगळ्यांना एकदमच सांगतो.

पहिलं काम, एक वेगळा ड्रम घ्या. नळाचं पाणी त्यात भरायचं, एअर पंप लावायचा, जे काय करायचं ते तिथे करायचं, टेस्ट करायची आणि मगच माशांच्या टाकीत सोडायचं. सिस्टीममधून रोज १ ते ३ टक्के पाणी उडतं किंवा झाडं पितात, म्हणजे भर घालावीच लागते, मग आठवड्याला जेवढं लागतं त्याच्या दुप्पट पाणी कायम तयार ठेवायला काय जातं? ड्रम नाही म्हणून पाइप थेट टाकीत सोडणारे आणि "थोडंच टाकलं हो" म्हणणारे खूप बघितलेत. थोडंही टाकायचं नाही.

आता रात्रभर ठेवूनही मासे का तडफडले ते. नुसतं क्लोरीन असेल तर उघड्या ड्रममध्ये एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) लावून २४ ते ४८ तासांत ते बऱ्यापैकी निघून जातं, उन्हात ठेवलं तर अजून लवकर. पण अरुंद तोंडाच्या बादलीत, हवा न देता, झाकण ठेवून रात्र काढली तर फारसं काही जात नाही. आणि तुमच्या पाण्यात क्लोरामाइन असेल तर मग दोन दिवस ठेवून पण उपयोग नाही, ते क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेलं असतं आणि सहजी उडत नाही. कुठलं आहे हे वासावरून ओळखायला जाऊ नका. टेस्ट किट घेताना फ्री (मोकळं) आणि टोटल (मोकळं अधिक क्लोरामाइनमधलं) दोन्ही क्लोरीन दाखवणारं घ्या. टोटल जास्त आणि फ्री कमी आलं तर मधला फरक तो बहुतेक क्लोरामाइनचा. माशाच्या कल्ल्यांना लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम क्लोरीनसुद्धा बाधतं आणि नळाला ०.२ पासून २ पर्यंत सहज असतं, म्हणून "पिण्याचंच पाणी आहे की" हा हिशोब इथे चालत नाही. पाइपलाइन दुरुस्त झाली किंवा पाणी गढूळ आलं की पुढचे काही दिवस क्लोरीन वाढवून सोडतात, तेव्हा मागच्या महिन्याच्या रीडिंगवर डोस काढू नका, प्रत्येक ड्रम नव्याने तपासा.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. मासे वाचले म्हणजे सुटलो असं नसतं. क्लोरीन ग्रो बेडमधल्या, म्हणजे झाडं लावलेल्या वाफ्यातल्या, माशांच्या घाणीचा अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियालाही मारतं, मग तीन-चार दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट वर चढतं आणि तुम्ही खाद्याला दोष देत बसता.

डोसचं. सोडियम थायोसल्फेट, ज्याला बरेच जण हायपो म्हणतात, त्याचे स्फटिक १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम लागतात. म्हणजे २०० लिटरच्या ड्रममध्ये लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर एकूण १.४ ग्रॅम. एवढंच. चमचाभर टाकणारे लोक गरजेच्या कितीतरी पट टाकतात. एवढं बारीक मोजता येत नसेल तर १४ ग्रॅम स्फटिक एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिलि या ड्रमला पुरतं, क्लोरीन दुप्पट असेल तर २०० मिलि. हे द्रावण फार दिवस साठवू नका. व्हिटॅमिन सी वापरायचं असेल तर १ मिलिग्रॅमला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे त्याच ड्रमला अर्धा ग्रॅम, पण त्याने पीएच थोडा खाली येतो आणि पाण्याची क्षारता (पीएच धरून ठेवायची ताकद) कमी असेल तर जास्तच येतो.

आता डीलरचं ऐकून जे चालतं ते. डबल डोस सेफ नसतो. परत लिहितो, डबल डोस सेफ नसतो. जास्तीचं थायोसल्फेट बॅक्टेरिया खातात आणि त्यात ऑक्सिजन संपतो, सोडियमही साठत जातं, आणि बाटलीत जर सल्फाइटचा प्रकार असेल तर तो थेट ऑक्सिजनच ओढतो, भरगच्च टाकीत अशाने रात्रीतून मासे जातात. बाटलीवर आत काय आहे ते लिहिलं नसेल तर ती घेऊच नका, "सगळं एकातच आहे" असं सांगितलं तर अजिबातच नका. मीठ टाका म्हणतील, झाडांची वाट लागेल. मिथिलीन ब्लू नाहीतर कॉपर सल्फेट देतील, ती एकट्या माशांच्या टाकीत वेगळं ठेवून द्यायची औषधं आहेत, ग्रो बेड जोडलेल्या पाण्यात नाही. तुरटीने पाणी नितळ दिसतं म्हणून तीही टाकतात, तिच्यातलं ॲल्युमिनियम माशाला चांगलं नाही. डीलरला बाटली खपवायची असते, मेलेले मासे तुम्हालाच काढावे लागतात.

टायमिंग पण तेवढंच महत्त्वाचं. अँटीक्लोरीन ड्रममध्ये, माशांच्या टाकीत नाही. आधी अँटीक्लोरीन, ढवळणं, एअर पंप चालू, टेस्टमध्ये टोटल क्लोरीन शून्य, मगच पाणी हलवायचं. क्लोरामाइन मोडलं की अमोनिया मोकळा होतो, लिटरमागे ३ मिलिग्रॅम (किटवर क्लोरीन म्हणून दिसणारं) क्लोरामाइन मोडलं की ०.६ च्या आसपास अमोनियाचा नायट्रोजन सुटतो, आणि तो पीएच ८ ला जेवढा विषारी तेवढा ७ ला नसतो. म्हणून क्लोरामाइनवाल्यांनी एका वेळी टाकीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी टाकू नये, बॅक्टेरिया बसलेली जुनी सिस्टीम असेल तर ते पचवते, नवीन असेल तर अमोनिया मोजत मोजतच टाका. ड्रम आणि टाकीच्या तापमानात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

फक्त एकच अपवाद. चुकून नळाचं पाणी थेट गेलं आणि मासे वर येऊन हवा गिळायला लागले तर थांबू नका, एअर फुल करा, खाद्य बंद, आणि टाकीच्या पूर्ण लिटरचा मोजलेला डोस टाकीतच द्या. त्या वेळेला पण मोजूनच.

पीएचवाले. नळातून ताजं पाणी घेऊन पीएच बघू नका, त्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड असतो. ग्लासभर पाण्याला २४ तास हवा द्या आणि मग बघा, तो खरा आकडा. ८.२ आला म्हणून ॲसिड ओतायची घाई नाही, बॅक्टेरिया अमोनिया खाताना क्षारता खातातच, सिस्टीम चालू असली की पीएच आपोआप उतरतो. पाणी खूप कठीण असेल आणि कमी करावंच लागलं तर ॲसिडही ड्रममध्येच, थोडं थोडं, हातमोजे घालून, आणि ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड टाळा, ते बॅक्टेरियाला त्रास देतं.

आरओचं पाणी एकटं नको. त्यात क्षारता जवळपास नसते, दोन-तीन आठवड्यांत पीएच धाडकन पडतो. कठीण पाण्यात मिसळून क्षारता लिटरमागे ६० ते १४० मिलिग्रॅमच्या मध्ये ठेवली तर चांगलं. सॉफ्टनरचं पाणी तर नकोच, त्यात सोडियम. कार्बन फिल्टर क्लोरीनला ठीक आहे, क्लोरामाइनला पाणी अगदी हळू सोडावं लागतं.

अनुदानाचं तिघाचौघांनी विचारलंय. नियम आणि लक्ष्यांक बदलत असतात, संबंधित सरकारी कार्यालयात जाऊन चालू अर्ज बघा, आणि मंजुरीआधी खरेदी करू नका.

पुढचा प्रश्न विचारताना टाकी किती लिटरची, टोटल क्लोरीन, हवा दिल्यानंतरचा पीएच, क्षारता आणि अमोनिया एवढे आकडे सोबत द्या, नुसतं "मासे मरतायत काय करू" लिहिलं तर मी पण ड्रम आहे का हेच विचारणार.