नुनावुत शिकायचंय, पण पुढे काय?

प्रश्न: मी गडचिरोली जिल्ह्यातली, गोंड समाजातली. राज्यशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅनडातल्या इनुइत लोकांनी नुनावुत हा स्वतःचा प्रदेश कसा मिळवला, हे वाचल्यापासून याच विषयात पुढे शिकावंसं वाटतं. घरचे म्हणतात, एमपीएससी कर, बर्फातल्या लोकांचा अभ्यास करून पोट भरणार आहे का? यात खरंच करिअर आहे का? तिकडे नोकरी मिळेल का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नुनावुतमधल्या सरकारी नोकरीचा विचार मनातून काढून टाक. 25 मे 1993 रोजी इकालुइतमध्ये (ही आता नुनावुतची राजधानी) इनुइत आणि कॅनडा सरकार यांच्यातल्या ज्या जमीन-हक्क करारावर सह्या झाल्या, त्याचं 23वं कलम म्हणतं की सरकारी नोकऱ्यांत इनुइतांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येइतकं असावं. लोकसंख्येत ते सुमारे 85 टक्के आहेत. थॉमस बर्गर या माजी न्यायाधीशांनी 2006 मध्ये अहवाल दिला, तेव्हा नोकऱ्यांतला त्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या आसपास अडकला होता, आणि तोही बराचसा खालच्या पदांवर. त्या रिकाम्या खुर्च्यांवर पहिला हक्क तिथल्या मुलामुलींचा आहे. तू अनुसूचित क्षेत्रातली आहेस, तुला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण हा वाटा अडकला कशामुळे, हे नीट बघ. तुझ्या करिअरचा रस्ता तिथेच सापडतो. 1 एप्रिल 1999 ला नुनावुत अस्तित्वात आलं. विधानसभा आली, मंत्री आले. 22 आमदार कुठल्याही पक्षाशिवाय निवडून येतात आणि आपल्यातूनच गुप्त मतदानाने मुख्यमंत्री निवडतात. सत्ता आली, पण ती चालवायला हिशेबनीस, वकील, शिक्षक, अभियंते हवे होते आणि ते पुरेसे तयार झाले नव्हते. बर्गर यांनी बोट ठेवलं ते शाळेवर. मुलं घरी इनुक्तितुत ही इनुइतांची भाषा बोलायची, शाळेत काही वर्षांतच सगळं इंग्रजीत सुरू व्हायचं, आणि शेवटपर्यंत टिकायची ती जेमतेम चौथा हिस्सा. त्यांनी दोन्ही भाषांतून शिक्षणाची शिफारस केली. त्याच वर्षी, म्हणजे 2006 मध्ये, नुनावुत तुंगाविक या इनुइतांच्या संस्थेने करार पाळला नाही म्हणून केंद्र सरकारवर दावा लावला. 2015 मध्ये तडजोड होऊन साडेपंचवीस कोटी डॉलर मिळाले, त्यातला मोठा भाग प्रशिक्षणासाठी. सही झाल्यानंतर 22 वर्षांनी, आणि तेही कोर्टाच्या वाटेने!

आता थोडं मागे जा. 1973 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निस्गा या मूलनिवासी लोकांच्या खटल्यात मूलनिवासींच्या जमीन-हक्काची दखल घेतली आणि सरकारला वाटाघाटींना बसावं लागलं. इनुइतांकडे सातबारा नव्हता. मग शेकडो शिकाऱ्यांना नकाशे देऊन विचारलं गेलं: कॅरिबू (तिकडचं हरीण) कुठे मारलात, सील कुठे, तळ कुठे टाकायचात? त्यांच्या आठवणींतल्या रेघा एकावर एक ठेवून 1976 मध्ये अभ्यास छापला गेला. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, याचा तो पुरावा. मला या सगळ्या इतिहासात हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. करारात सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन थेट इनुइतांच्या मालकीची झाली. (उरलेली बहुतेक जमीन आणि खनिजं यांचा कारभार अजून ओटावाकडे, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारकडे आहे. तो 2027 पर्यंत नुनावुतकडे देण्याच्या करारावर जानेवारी 2024 मध्ये सह्या झाल्या.)

हे वाचताना तुला सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे गावाच्या जंगलावरच्या हक्काच्या दाव्याची फाइल आठवली असेल. तुझ्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये तो हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. परवाना हातात आल्यावर लिलाव, करारनामा, जमाखर्च, ऑडिट, सगळं गावालाच बघावं लागतं. नुनावुतमध्ये कमी पडली ती याच कामाची माणसं, आणि आपल्याकडेही ती कमीच आहेत.

म्हणून माझा सल्ला असा. विषय सोडू नकोस, पण नुसतं राज्यशास्त्र घेऊन जाऊ नकोस. सोबत एक हातचं कौशल्य घे: कायदा, किंवा जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जमिनीची माहिती हाताळणं) आणि नकाशे, किंवा सार्वजनिक वित्त. मला विचारशील तर कायदा. पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी इथेच होतो. त्यात पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क कायदा, संविधानाची पाचवी आणि सहावी अनुसूची यांवर पकड बसव, मग परदेशी जा. नॉर्वेत ट्रॉम्सोच्या विद्यापीठात आदिवासी अभ्यासाचा मास्टर्स इंग्रजीतून आहे. कॅनडात व्हिक्टोरिया विद्यापीठ मूलनिवासींचा स्वतःचा कायदा पदवी म्हणून शिकवतं. ग्रीनलंडला 1979 पासून स्वशासन आहे आणि 2009 पासून अधिकार आणखी वाढले, पण तिथली राजधानी नूकच्या विद्यापीठात ग्रीनलंडची भाषा किंवा डॅनिश येत नसेल तर निभाव लागणं अवघड. पैशांसाठी केंद्राच्या जनजातीय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती बघ. जागा फार थोड्या असतात, त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता कागद आत्ताच जमव, विशेषतः जातवैधता प्रमाणपत्र. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेशी शिष्यवृत्ती आहे. प्रकल्प कार्यालयात जाऊन चौकशी कर. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाची आदिवासींसाठी फेलोशिप आहे, तीही नोंदवून ठेव.

घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांना पगाराची खात्री हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. एलएलबी करताना एमपीएससीचा फॉर्मही भर. पेसा समजणारा गटविकास अधिकारी किंवा तहसीलदार मिळाला तर कितीतरी ग्रामसभांची अडलेली कामं मार्गी लागतील. वनहक्कावर काम करणाऱ्या संस्था, ग्रामसभांचे महासंघ, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातली वकिली, विद्यापीठातलं अध्यापन, या बाकीच्या वाटा. सुरुवातीची तीन-चार वर्षं पैसे कमी मिळतील, हे घरी आधीच स्पष्ट सांग.

आणि गोंडी लिहायचा सराव ठेव. ओटावात नुनावुत सिवुनिक्साव्हुत नावाचा अभ्यासक्रम 1985 पासून चालतो. इनुइत मुलं शाळा संपवून तिथे येतात आणि आपल्या कराराचं एकेक कलम शिकतात. तसा वर्ग गडचिरोलीत भरला, तर पेसाचं कलम गोंडीत समजावणारं कुणीतरी लागेल.

या सुट्टीत एक काम कर. तुझ्या ग्रामसभेच्या मागच्या तीन वर्षांच्या ठरावांची वही मागून घे आणि कोणता ठराव कुठल्या कार्यालयात अडकला, याचं दोन पानी टिपण तयार कर. शिष्यवृत्तीच्या अर्जात तुझं हेतुपत्र इथूनच सुरू होईल. मसुदा झाला की मला पाठव.