जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड फरमार्क या ताण देणाऱ्या टेस्टमध्ये तासभर चालतं, पण गेममध्ये ड्रायव्हर क्रॅश होतो. माझं ओव्हरक्लॉक (कार्डाचा वाढवलेला वेग) स्टेबल आहे का?

नाही. क्रॅश होतंय म्हणजे स्टेबल नाही, मग फरमार्क तासभर चालो नाहीतर आठवडाभर.

माझंही १०६० च, सहा जीबीचं. मावसभावाने आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोअर +१५० मेगाहर्ट्झ करून दिला, रात्रभर फरमार्क लावून ठेवलं आणि सकाळी म्हणाला, "दगड आहे दगड, डोळे झाकून काम कर." मी केलं. एका बिल्डरसाठी फ्लॅटचा वॉकथ्रू ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करत होते. २४० फ्रेम, सकाळी अकराला दाखवायच्या. रात्री दोनला ३७व्या फ्रेमवर स्क्रीन काळी झाली, परत आली, रेंडर बंद. पुन्हा लावला, ६१ वर बंद. उजाडेपर्यंत हेच. अर्धवट काम घेऊन गेले आणि त्या माणसाने मला पुन्हा कधी बोलावलं नाही. भावाचं म्हणणं, तुझी फाइलच जड, मेमरी संपली असणार.

मेमरी संपली की ब्लेंडर तसा मेसेज देतं. स्क्रीन काळी होऊन परत येते ती विंडोजमुळे: कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की ते ड्रायव्हर रीसेट करतं.

महिनाभर डोकं लावल्यावर खरं कारण सापडलं. फरमार्कमध्ये कार्ड १२० वॉटच्या मर्यादेला टेकतं आणि क्लॉक, म्हणजे कोअरचा वेग, आपोआप उतरतो. माझा १८५० मेगाहर्ट्झच्या आसपास असायचा. माझ्या रेंडरला तेवढी वीज लागतच नव्हती, त्यामुळे क्लॉक २०५० च्या वर चढायचा आणि तिथे मार खायचा. ज्या क्लॉकवर मी काम करणार होते, तो रात्रभरात एकदाही तपासला गेला नव्हता. तुमच्या गेमचंही बहुधा हेच आहे.

तेव्हा जो गेम क्रॅश होतो, त्याच गेमवर तपासा. कोअर पंधरा-पंधराने खाली आणा (१०६० ज्या पास्कल पिढीचं आहे तिचा क्लॉक साधारण १३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी हलतो, पाच-पाचने काही होत नाही), क्रॅश थांबला की आणखी एक पायरी उतरा. कार्ड गार असताना क्लॉक सगळ्यात वर असतो, म्हणून गेम सुरू केल्याकेल्याची मिनिटंही बघा. मे महिन्यातल्या दुपारी परत एकदा बघा. मेमरी वेगळी तपासायची, कोअर शून्यावर ठेवून. कार्डाची जीडीडीआर५ मेमरी चुकलेला डेटा पुन्हा पाठवते, त्यामुळे क्रॅश न होता नुसता टेस्टमधला स्कोअर घसरू शकतो.

हो, आधी सगळं शून्यावर आणून तोच गेम खेळून बघा. तरीही क्रॅश झाला तर ओव्हरक्लॉकचा दोष नाही, पॉवर सप्लाय नाहीतर ड्रायव्हर बघावा लागेल.

भाऊ आजही फाइलच जड होती म्हणतो. तीच फाइल मी त्याच कार्डावर, कोअर +९० ठेवून पुन्हा लावली होती. २४० च्या २४० फ्रेम एका दमात निघाल्या.