मर्ज कॉन्फ्लिक्ट आला की कुणाचा कोड ठेवायचा?

प्रश्न : ताई, आम्ही तिघं इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवतो. परवा गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, कॉन्फ्लिक्ट आला (एकाच ओळीत दोघांचे वेगळे बदल), एकाने ‘अ‍ॅक्सेप्ट करंट’ दाबलं आणि दुसऱ्याचं काम उडालं. गिट सोडावं, की एखादं मर्ज टूल विकत घ्यावं?

उत्तर : दोन्ही नको. आधी धीर धरा, उडालेलं काम त्याच्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या बदलांच्या नोंदीत) शाबूत आहे, गिट लॉगमध्ये सापडेल. एकाच ओळीला दोघांचा हात लागला, तर कुठलीही सिस्टिम निर्णय तुमच्यावरच टाकणार. टूलकडून मागायची गोष्ट एकच : दोघांनी बदलण्याआधीची मूळ ओळ दिसली पाहिजे.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. मूळ ओळ ‘एकूण = किंमत * १.१२’. सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, म्हणून एकाने १.०५ केलं. दुसऱ्याने दर तसाच ठेवून रक्कम राउंड केली. कॉन्फ्लिक्टमध्ये नुसत्या या दोन ओळी दिसल्या, तर कुणी काय बदललं ते कळणार कसं? मूळ ओळ मध्ये दिसली की लगेच उलगडतं : एकाचा दर घ्यायचा, दुसऱ्याचं राउंडिंग. बरोबर ओळ या दोघांपैकी कुणाचीच नाही, ती तुम्हाला लिहायची आहे. म्हणून त्या ‘अ‍ॅक्सेप्ट’च्या बटणांचा मला राग येतो. त्यात रिबेस करताना, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या कोडवर पुन्हा रचताना, ‘अवर्स’ (आपलं) आणि ‘देअर्स’ (त्यांचं) उलटे होतात. तुमचे स्वतःचे कमिट ‘देअर्स’मध्ये जातात!

गिटमध्ये मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल हे सेटिंग ‘झेडडिफ३’ करा, २.३५ च्या आधीची आवृत्ती असेल तर ‘डिफ३’. मूळ ओळ मधोमध दिसू लागेल. खिडक्या शेजारी-शेजारी हव्या असतील तर व्हीएस कोडचा मर्ज एडिटर किंवा मेल्ड घ्या, दोन्ही फुकट. तिघांनी एकच वापरा, म्हणजे अडलेल्याला शेजारचा मदत करू शकेल. गोंधळ वाटला तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ करून मर्ज रद्द करा आणि ज्याची ओळ आहे त्याला शेजारी बसवून पुन्हा मर्ज करा.

पॅकेज-लॉक.जेसनमध्ये (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं एनपीएम हे टूल स्वतः लिहितं ती लॉक फाइल) कॉन्फ्लिक्ट आला तर मात्र तो हाताने सोडवत बसू नका. पॅकेज.जेसन (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) नीट करा आणि ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवा, लॉक फाइल एनपीएमच जुळवून देतं.