विषय काढावा की टाळावा?

प्रश्न: अपघातानंतरचे उपचार संपवून धाकटा भाऊ घरी आला, त्याला चार महिने झाले. रात्री ओरडून उठतो, गाडीत बसत नाही. आम्ही तो विषयच काढत नाही. चुकतंय का?

उत्तर: ताई, उकरून काढू नका, पण त्याने काढला तर तोडूही नका. रात्री ओरडला तर गदागदा हलवू नका. दिवा लावा, लांबूनच नावाने हाक मारा, ‘घरीच आहेस’ म्हणा. आगीतून वाचलेल्या माझ्या वडिलांना मी खांदा धरून उठवायचे. दोनदा फटका खाल्ला, मग शहाणी झाले! गाडीचं म्हणाल, तर आधी इंजिन बंद असलेल्या गाडीत दार उघडं ठेवून नुसतं बसायचं, तेही समुपदेशकांना विचारून. सतत टाळलं की भीती मुरते. अपघाताची तारीख जवळ आली की त्रास पुन्हा उसळू शकतो, कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मरणाची भाषा निघाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.