डिशला फॉइल, एलएनबीला पिशवी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वळवाचे दोन पाऊस झाले की माझ्याकडे तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. शेजाऱ्याने सांगितले, मोबाइलवर बघितले, मेव्हण्याकडे करून पाहिले, असे म्हणत लोक डिशवर काहीबाही चिकटवतात आणि मग टीव्ही बंद पडल्यावर फोन करतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल डिशवर चिकटवली तर सिग्नल वाढतो का? (वडगाव बुद्रुक)

नाही. डिश मुळात धातूचीच असते. काम करतो तो तिचा आकार, आणि फॉइलच्या सुरकुत्या तोच बिघडवतात. काढून टाका.

मार्चमध्ये चार-पाच दिवस रोज सकाळी अकराच्या सुमारास चित्र जाते, थोड्या वेळाने आपोआप येते. डिश बदलू का?

बदलू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही हेच होईल.

पावसात चित्र जाते म्हणून एलएनबीला (डिशसमोरच्या दांडीवरची, सिग्नल पकडणारी डबी) प्लॅस्टिकची पिशवी बांधली. पहिला आठवडा बरा गेला, आता कोरड्या दिवशीही चित्र अडते. (धनकवडी)

पिशवी आजच सोडा. आत वाफ धरते, एलएनबीच्या तोंडावर पाण्याचा थर बसतो. मुसळधार पावसात पाणीच सिग्नल खाते, त्यावर घरगुती इलाज नाही. फार त्रास असेल तर मोठी, ९० सेंटिमीटरची डिश थोडा जोर देते.

कोरड्या दिवशीही चित्र अडते, म्हणजे दोष बहुधा कनेक्टरमध्ये आहे. आधी सेट टॉप बॉक्सचा प्लग काढा, कारण बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि मधली उघडी तार केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीला टेकली तर बॉक्स जळू शकतो. मग एलएनबीजवळचा कनेक्टर फिरवून काढा. मधल्या तारेवर हिरवा कळंक किंवा जाळीत काळपट ओल दिसली, तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवायचा. केबलला एलएनबीखाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळते, आत शिरत नाही. हात बसलेला नसेल तर तंत्रज्ञ बोलवा, काम पंधरा मिनिटांचे आहे.

समोर इमारत उठते आहे. फ्री डिश बंद पडेल का? दिशा मी स्वतः लावू शकतो का? (हडपसर)

फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डिश सेवा, तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर दिसतो. डिश समोरच्या भिंतीकडे बघते असे वाटते, पण ती बरीच वर बघत असते. त्या दिशेची इमारत दहा फुटांवर असेल तर डिशपेक्षा साडेसोळा फूट उंच झाल्यावर आडवी येते, वीस फुटांवर असेल तर तेहतीस. मोजून बघा. मोबाइलच्या होकायंत्राने दिशा बघताना डिशपासून चार पावले दूर उभे राहा, लोखंडाने सुई फसते. पुढचे बारीक काम सिग्नल मीटर असलेल्या तंत्रज्ञाकडून करून घ्या. एक-दोन अंशांत सिग्नल जातो.

ऑनलाइन "डिश नको, सगळी चॅनल फुकट, ५०० किलोमीटर रेंज" असा अँटेना मिळतो. घेऊ का? (कोथरूड)

घेऊ नका. पृथ्वी गोल आहे, जमिनीवरच्या टॉवरचा टीव्ही सिग्नल घरातल्या पट्टीसारख्या अँटेनावर ५०० किलोमीटरवरून भरवशाने येत नाही. १९७३ पासून पुण्याला सिंहगडावरून दूरदर्शन दिसायचे, पण ते जुने अॅनालॉग प्रक्षेपण आता बंद झाले आहे. सोबतचा 'बूस्टर' जे येते तेच वाढवतो, गोंगाटासकट. कोणताही अँटेना घेण्याआधी आपल्या भागात आज काय प्रक्षेपित होते ते दूरदर्शनच्या कार्यालयात विचारा आणि आपल्या टीव्हीत डीव्हीबी-टी२ (टॉवरचा डिजिटल सिग्नल घेणारा) ट्यूनर आहे का ते दुकानदाराकडून लिहून घ्या.

डिश उंच केली तर सिग्नल वाढेल ना? गच्चीत वीस फुटी लोखंडी पाइप उभा करतोय. वीजतार बाजूने जाते, पण लांब आहे. (सिंहगड रस्ता)

कृपा करून थांबा. उंचीची सवय सिंहगडाच्या दिवसांतली आहे, तेव्हा आडोसा टाळायला अँटेना उंच लागायचा. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. तुमच्या वीस फुटांनी त्याला काही फरक पडत नाही. आग्नेयेला आकाश मोकळे असेल तर डिश जमिनीवरही चालते.

पाइप मात्र जीव घेऊ शकतो. उभा करताना तो एका बाजूला कलतो आणि दोन माणसांनाही आवरत नाही. उच्च दाबाच्या तारेला तो टेकायचीही गरज नाही, पुरेसा जवळ गेला तरी ठिणगी उडी मारते. एका वाड्यात मी असा पाइप हातात घेऊन पाहिला होता: टोकाला वाटाण्याएवढा वितळलेला खळगा, कडेला निळसर डाग. ज्याने तो धरला होता त्याचे दोन्ही तळवे भाजले, तो जगला हेच खूप. "लांब आहे" हा अंदाज खालून बघून बांधलेला असतो. पाइप आडवा पडला तर कुठपर्यंत पोचेल, ते मोजा. दोरी, ओली काठी, रबरी चप्पल, यांतले काहीही त्या दाबापुढे टिकत नाही.

शिवाय एप्रिल-मेच्या दुपारनंतर पुण्यात विजा कडाडतात, आणि उंच पाइप म्हणजे विजेला दिलेली वाट. त्याची अर्थिंग नळाच्या पाइपला बांधू नका, आता बहुतेक नळ प्लॅस्टिकचे असतात. ढग दाटले की गच्चीवर जाऊ नका आणि बॉक्सचा प्लग व केबल दोन्ही काढून ठेवा. तारेजवळ काहीही उभारायचे असेल तर आधी महावितरणच्या कार्यालयात जा, अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करा. पाइप आणला असेल तर परत करा.

शेजारी डिश तीच, पण त्यांच्याकडे चॅनल जास्त दिसतात. आम्ही डिशला खोबरेल तेलही लावले.

तेल पुसा, धूळ धरते. तुमचा बॉक्स बहुधा जुना, एमपीईजी-२ वाला आहे, त्याला एमपीईजी-४, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीची चॅनल वाचता येत नाहीत. बॉक्सच्या मागचे लेबल दुकानात दाखवा आणि मगच नवा घ्या.