इंदूरमध्ये दिवाळखोरीसाठी चांगला वकील कसा ओळखावा?

दुकान बसलं, 14 लाखांचं देणं डोक्यावर आहे आणि दिवाळखोरीच्या अर्जासाठी वकील कसा पारखायचा, असं तुम्ही विचारलंय. राजवाड्याजवळचं माझं कापडाचं दुकान बंद पडलं तेव्हा मी हेच विचारत फिरत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या पहिल्या वकिलाने पंधरा मिनिटांत कोऱ्या वकालतनाम्यावर, म्हणजे वकिलाला आपली केस चालवायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही घेतली. सगळं माफ होईल म्हणाला, जेवढे वाचतील त्याचे दहा टक्के फी म्हणाला, आणि फ्लॅट आजच बायकोच्या नावावर करून टाका म्हणाला. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि फ्लॅटचं ऐकलं असतं तर पुरता अडकलो असतो. अर्जाच्या आधी दोन वर्षांत घरच्यांना फुकट दिलेली मालमत्ता कोर्ट परत ओढू शकतं. एकाच सावकाराला झुकतं माप देऊन आधी पैसे चुकते केले, तर तीन महिन्यांच्या आतला तो व्यवहारही रद्द होऊ शकतो.

दुसऱ्या वकीलबाईंनी फीचं नावही न काढता फुलस्केप कागद पुढे सरकवला. "सगळं देणं लिहा. भिशी पण, नातेवाईक पण." मी सात नावं लिहिली. त्यांनी कागद उलटा केला आणि म्हणाल्या, "आणखी?" मान खाली घालून मी मेव्हण्याचे साठ हजार लिहिले. मग लाल पेन्सिलीने त्यांनी खुणा केल्या: कुणाला चेक दिलाय, कुठे घर तारण आहे, कुणी जामीन राहिलंय. आणि एकेका खुणेवर बोट ठेवून अर्जाने काय सुटणार नाही ते सांगितलं. चेक बाउन्सची 138 ची केस फौजदारी आहे, ती चालूच राहते. तारण ठेवलेल्या घरावरचा बँकेचा हक्क जात नाही. मी मोकळा झालो तरी माझा जामीनदार मोकळा होत नाही. त्या रात्री झोप लागली नाही, पण वकील मिळाला हे कळलं. काय होणार नाही हे जो आधी सांगतो, त्याच्यावरच विश्वास टाका.

एक प्रश्न नक्की विचारा: माझा अर्ज कुठे लागेल? 2016 च्या दिवाळखोरी कायद्याचा (IBC) व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झालाय. तुमच्या-माझ्यासारख्या दुकानदाराला अजून 1920 चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच आहे, म्हणजे अर्ज जिल्हा कोर्टात. इथे जो गडबडतो त्याने ही कामं केलेली नाहीत.

दुसरा प्रश्न: डिस्चार्जचा, म्हणजे देण्यातून सुटकेचा, अर्ज फीमध्ये धरलाय का? नादार ठरवलं म्हणजे सुटलो असं होत नाही. कोर्टाने दिलेल्या मुदतीत डिस्चार्ज मागावा लागतो, नाहीतर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात. पुष्कळ लोक इथेच फसतात, कारण वकील पहिल्या हुकमानंतर फोन उचलत नाही. फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या, पावती मागा. यात संकोच नको.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा, 15100 वर फोन लागतो. तिथे बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. कर्ज वहिनींच्या नावावर असेल तर आधी तिथेच जा. धनको मंगळसूत्र जप्त होईल अशी भीती घालतील. धर्मरीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने जप्तीत येत नाहीत, एवढं त्यांना सांगा.

वकिलाकडे जाण्याआधी तो कागद घरीच लिहा, मेव्हण्यासकट. चेकची नोटीस आली असेल तर पैसे भरायला हातात पडल्यापासून 15 दिवस असतात, म्हणून लिफाफा फेकू नका. पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असतो.