पाच टक्के म्हणजे कमी नव्हे, भो!

भो, तुझा प्रश्न थोडक्यात असा: जळगावला कॉलेजात सिगारेट ओढायचास, आता मित्राने दिलेलं व्हेप पेन, म्हणजे ई-सिगारेट, ओढतोस. त्यावर ‘5 टक्के’ लिहिलंय, तरी सिगारेटपेक्षा जास्त गरगरतं आणि सकाळी डोळे उघडले की हात आधी पेनाकडे जातो. मग निकोटिन कमी कसं?

कमी नाहीच. 5 टक्के म्हणजे पेनातल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमागे साधारण 50 मिलिग्रॅम निकोटिन. युरोपियन युनियनमध्ये 20 च्या वर विकायलाच मनाई आहे. एका सिगारेटच्या तंबाखूत 10-15 मिलिग्रॅम निकोटिन असतं, पण बरंचसं जळतं, हवेत जातं. रक्तात उतरतं एक-दीड मिलिग्रॅम. पेनातलंही सगळं अंगात जात नाही. खरा खेळ ते कुठून आणि किती वेगाने चढतं, याचा आहे.

आपल्याकडे पारावर तंबाखू मळणारा बाबा बघ. तळहातावर तंबाखू, त्यावर नखाने चुना, अंगठ्याने मळून दोन थापट्या, भुकटी उडाली की चिमूट ओठाखाली. तो चुना नुसता चवीला नसतो. चुन्याने निकोटिन मोकळं होतं आणि मोकळं निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून रक्तात शिरतं. चढतं मात्र सावकाश.

सिगारेटचा धूर बहुतेक वेळा आम्लधर्मी असतो. तो नुसता तोंडात धरला तर फारसं काही शोषलं जात नाही, छातीतच ओढावा लागतो. फुप्फुसातल्या वायुकोशांचा पसारा प्रचंड. तिथून निकोटिन रक्तात, रक्तातून हृदयाच्या डाव्या बाजूला आणि थेट मेंदूत. 10 ते 20 सेकंदांत काम फत्ते. यकृत वाटेत लागतच नाही. गिळलेल्या निकोटिनचा मोठा भाग मेंदूकडे जायच्या आधी यकृतच मोडून टाकतं. चटक लागते ती या वेगाने.

आधीच्या ई-सिगारेटींत मोकळं निकोटिन असायचं. जास्त घातलं की घशाला झोंबायचं, ठसका यायचा. म्हणून प्रमाण बेताचं, आणि बराच भाग तोंडा-घशातच मुरायचा. 2015 मध्ये अमेरिकेत जूल नावाची ई-सिगारेट आली आणि बेंझोइक आम्ल घातलेलं निकोटिन सॉल्ट बोकाळलं. पारावरच्या बाबाच्या चुन्याच्या बरोब्बर उलटी युक्ती! आम्लामुळे घसा कुरकुरत नाही, 5 टक्केवालंही खोल छातीत जातं, आणि चढण्याचा वेग सिगारेटच्या जवळ पोचतो. वर आंब्या-पुदिन्याचा वास. धंदेवाईक डोकं, दुसरं काय.

शिवाय सिगारेट दहा-बारा झुरक्यांत संपते, पेन संपत नाही. अभ्यास करताना, पांघरुणात, चालूच. रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायला दोनेक तास लागतात. त्याआधीच तू पुढचा झुरका घेतोस, म्हणून दिवसभर पातळी चढत जाते. मळमळ, गरगर हे जास्त झाल्याचं लक्षण. रात्री झोपेत पातळी उतरते, म्हणून सकाळी पहिला हात तिकडे.

‘मग सिगारेटच बरी’ असं मात्र काढू नकोस. जळण्यातून येणारं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा सिगारेटचा मोठा घात आहे, आणि व्हेपमध्ये जळणं नसल्याने तो भाग खूप कमी. पण दोन्ही चालू ठेवलंस तर त्याचा उपयोग नाही. आणि आपल्याकडे 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण सगळंच बंद आहे. मित्राने आणलेल्या पेनात खरंच काय भरलंय हे कोण तपासणार?

माझं मेडिकल आहे, तिथे सोडू पाहणारे येतातच. निकोटिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, हे ठिबक आणि सिगारेट म्हणजे मोटार चालू करून पाट फोडणं, असं मी केळीवाल्यांना सांगतो, लगेच समजतं. निकोटिनचा गम घेणार असशील तर च्युइंगमसारखा चावत बसू नकोस. हळू चावायचा, झणझणलं की गालात दाबून ठेवायचा. गिळलास तर पोटात जळजळ आणि पैसे वाया. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको. आम्लामुळे गालातून शोषणच होत नाही. ताकद कोणती घ्यायची ते डॉक्टरला विचार, नाहीतर 1800-11-2356 या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनला फोन लाव, पैसे लागत नाहीत. आणि ते पेन घरातल्या लहान पोरांच्या हाती लागेल असं ठेवू नकोस. त्यातला द्रव पोटात गेला तर विषबाधा होते.